ठिणगी यंत्रणातील धातुपृष्ठ : संशोधनदृष्टीची चिकित्सा

विद्युत ठिणगीच्या साहाय्याने धातू कोरण्याच्या ईडीएम पद्धतीवर आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून विपुल संशोधन होते. त्याचा एक साचा रूढ झाला आहे. प्रवाह आणि स्पंदकाल बदलायचा, तागुची पद्धतीने प्रयोगांची मांडणी करायची, धातू निघण्याचा वेग व पृष्ठभागाचा खडबडीतपणा मोजायचा आणि 'इष्टतम' मूल्ये जाहीर करायची. या साच्यात पृष्ठभागाची उंचसखलता कळते. त्याची रचना मात्र नजरेआड राहते, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य आक्षेप आहे.

वास्तविक या पद्धतीचा उगमच पृष्ठभागाच्या हानीच्या अभ्यासात आहे. सोव्हिएत संघातील बोरिस व नताल्या लाझारेंको हे दांपत्य ठिणगीमुळे विद्युत संपर्कबिंदू का झिजतात, याचा शोध घेत होते. हीच झीज नियंत्रित केल्यास तिने धातू कोरता येतो, हे त्यांनी १९४३ साली दाखविले.

ठिणगीच्या मार्गातील तापमान सुमारे ८,००० ते १२,००० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. तेथील धातू वितळतो. त्यातील जो बाहेर फेकला जात नाही तो जागीच अतिशय वेगाने गोठतो. पोलादावरील हा थर नायटलने सहजी कोरला जात नाही व सूक्ष्मदर्शकाखाली पांढरा दिसतो, म्हणून त्यास 'पांढरा थर' म्हणतात. केरोसिनच्या विघटनातून सुटलेला कार्बन त्यात मिसळतो. थर कठीण होतो, तसाच ठिसूळही. थंड होताना त्याच्या आकुंचनास खालचा धातू विरोध करतो. परिणामी त्यात ताण साठतो आणि सूक्ष्म भेगा पडतात.

खडबडीतपणाचे आरए मूल्य यांपैकी काहीच सांगत नाही. ग्राइंडिंग केलेला आणि ठिणगीने कोरलेला भाग या मूल्यात समान असूनही वारंवार भार सोसण्याच्या क्षमतेत भिन्न ठरू शकतात. साचा किंवा डाय तडकते ती बहुधा अशाच भेगेपासून. फील्ड व काहलेस यांनी १९६४ साली 'पृष्ठभागाची अखंडता' ही संकल्पना मांडली, ती याच जाणिवेतून.

अर्थात बदललेला थर हा सर्वत्र दोषच असतो असे नाही. ठिणगी-लेपन पद्धतीत कठीण थर मुद्दाम चढविला जातो. म्हणूनच थर आहे की नाही एवढ्यावर न थांबता तो कसा आहे, हे तपासणे अगत्याचे ठरते.

महागडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक उपलब्ध नसणे ही खरी अडचण आहे. परंतु नमुना आडवा कापून, घासून, नायटल लावून साध्या धातुशास्त्रीय सूक्ष्मदर्शकाखाली थराची जाडी व मोठ्या भेगा पाहता येतात. एवढी तपासणीही नसेल, तर जाहीर केलेले 'इष्टतम' मूल्य केवळ वेगाचे व गुळगुळीतपणाचे असते. यंत्रभागाच्या टिकाऊपणाची हमी त्यातून मिळत नाही.