खेचर आणि शक्तिमान : विज्ञानमालिकेतील सिद्धीचा अर्थ

विज्ञानकथा आणि पुराणकथा यांच्यामध्ये कुंपण घालण्याची प्रवृत्ती समीक्षेला नवी नाही. डार्को सुविन यांनी १९७९ मध्ये विज्ञानकथेची व्याख्या ज्ञानाधिष्ठित अपरिचितीकरणाच्या आधारे केली आणि मिथकाला या साहित्यप्रकाराबाहेर ठेवले. या निकषावर दूरदर्शनची ‘शक्तिमान’ (१९९७-२००५) ही मालिका विज्ञानकथा ठरणार नाही. परंतु अशा वर्गीकरणाने प्रश्न सुटत नाही, केवळ टळतो. या मालिकेत वैज्ञानिक आहे, प्रयोगशाळा आहे. मात्र ती डॉ. जॅकालच्या रूपाने खलपक्षाकडे आहे. नायकाचे सामर्थ्य कुंडलिनी, सप्तचक्रे आणि पंचमहाभूते यांतून येते. विज्ञान दुष्टांकडे आणि योग सज्जनांकडे, ही वाटणीच मालिकेचे खरे आशयसूत्र होय.

मिथकाचा वापर हा येथे दोष नव्हे. तो कोणत्या अर्थाने झाला, हे पाहिले पाहिजे. त्यासाठी हिंगोलीचा संदर्भ उपयुक्त ठरतो. ही मालिका चालू असतानाच, १ मे १९९९ रोजी, परभणीतून हा जिल्हा वेगळा झाला. नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी आणि ज्योतिर्लिंगाचे औंढा नागनाथ याच जिल्ह्यात आहेत. योगसिद्धीच्या कथा येथील प्रेक्षकाला छोट्या पडद्यावरून प्रथम कळल्या, असे म्हणता येत नाही. नामदेवांचे गुरू विसोबा यांचे ‘खेचर’ हे नावच आकाशगामी असा अर्थ सांगते.

मात्र या खेचराची कथा उड्डाणाची नाही. गोरोबाकाकांनी ‘कच्चे मडके’ ठरविलेले नामदेव गुरूच्या शोधात येतात, तेव्हा विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले दिसतात. पाय जेथे हलवावेत तेथे पिंडी प्रकटते, असे आख्यायिका सांगते. येथे चमत्काराने कोणाचाही पराभव होत नाही. ढळते ती नामदेवांची समजूत. औंढ्याचे देऊळ फिरल्याची कथाही अशीच आहे. कीर्तनाला मज्जाव झालेला भक्त मागे जाऊन बसतो आणि देवच त्याच्याकडे तोंड फिरवतो. चमत्कार अधिकाराची दिशा बदलतो. तो बळाचे प्रदर्शन करीत नाही. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे विस्तृत वर्णन आहे. तेथेही सिद्धी हे साधनेचे गंतव्य नव्हे.

‘शक्तिमान’ने या परंपरेतील शब्दसंपदा घेतली, पण तिच्यातील आत्मपरीक्षण गाळले. कुंडलिनी हे इंधन झाले आणि साधना ही वेषांतराची पूर्वतयारी. कृतिप्रधान मालिकेला सामर्थ्य दृश्य करावेच लागते, हा युक्तिवाद अंशतः मान्य करावा लागेल. भागाच्या अखेरीस मुलांना दिली जाणारी शिकवण ही मालिकेला नैतिक उणिवेची जाणीव असल्याची खूण मानता येईल. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण येते आणि उत्तररंगातील आख्यान ते सिद्ध करते. येथे क्रम उलटा होतो. बोध आख्यानातून उगवत नाही, तो शेवटी जोडला जातो.

याच्याशी जयंत नारळीकर (१९३८-२०२५) यांच्या विज्ञानकथालेखनाची तुलना उद्बोधक ठरते. ‘अंतराळातील भस्मासुर’, ‘वामन परत न आला’ ही शीर्षकेच पुराणातून येतात. यांपैकी दुसऱ्या पुस्तकात लुप्त संस्कृतीच्या ज्ञानावरून घडविलेला यंत्रमानव ‘वामन’ स्वतःची संख्या वाढवू पाहतो. त्याला किती पावले भूमी द्यावी, हा प्रश्न बळीच्या कथेतला असला तरी त्याचे उत्तर पुराण देत नाही. ते मानवाला आपल्या विवेकाने शोधावे लागते. येथे प्राचीनता हा पुरावा नसून इशारा आहे.

मिथकाने विज्ञानकथेत शिरावे की नाही, हा वाद म्हणूनच दुय्यम आहे. मिथक प्रश्न विचारण्यासाठी येते की प्रश्न बंद करण्यासाठी, हा निकष समीक्षेने स्वीकारला पाहिजे. त्या निकषावर ‘शक्तिमान’ उणी पडते ती धार्मिक असल्यामुळे नव्हे, तर ज्या परंपरेचा ती आधार घेते तिच्याइतकी चिकित्सक नसल्यामुळे.