नाताळबाबाच्या हातात कुऱ्हाड

सिनेमाबद्दल मत द्यायचं तर तो आधी पाहावा लागतो, अशी एक भाबडी समजूत समीक्षक मंडळींनी पसरवून ठेवली आहे. त्यात त्यांचा स्वार्थ आहे. त्याशिवाय फुकट पास मिळत नाहीत. वस्तुतः पाहिलेल्या सिनेमाबद्दल माणूस जरा बिचकतच बोलतो. ‘फोटोग्राफी बरी होती, पण मध्ये थोडा लांबला’ असलं काहीतरी गुळमुळीत बोलून मोकळा होतो. न पाहिलेल्या सिनेमाबद्दलचं मत मात्र कसं खणखणीत असतं! त्याला पुराव्याचं ओझं नसतं.

याचा अस्सल नमुना पाहायचा तर १९८४ सालच्या अमेरिकेत जावं लागतं. त्या वर्षी ९ नोव्हेंबरला तिथे ‘सायलेंट नाइट, डेडली नाइट’ नावाचा भयपट लागला. ‘सायलेंट नाइट’ हे नाताळातलं अतिशय शांत, जवळजवळ पाळण्याच्या चालीचं गाणं. त्याला हे दुसरं शेपूट जोडायचं म्हणजे आपल्याकडे एखाद्या अंगाईपुढे ‘आणि मुडदा’ असं लिहिण्यासारखं. खर्च सुमारे साडेसात लाख डॉलर, म्हणजे हॉलिवूडच्या मानाने चहापाण्याचा. दिग्दर्शक चार्ल्स सेलियर. या गृहस्थांचं नाव त्याआधी झालं होतं ते ‘ग्रिझली ॲडम्स’मुळे. अस्वलाशी मैत्री करून रानात राहणाऱ्या एका दाढीवाल्याची ती सालस गोष्ट. अस्वलाकडून कुऱ्हाडीकडे माणूस कसा जातो हे त्यालाच ठाऊक.

खरा गोंधळ चित्रपटाने केला नाही, जाहिरातीने केला. पोस्टरवर धुराडं, त्यात उतरणारा लाल बाहीचा हात आणि त्या हातात कुऱ्हाड. हीच कल्पना टीव्हीवर हलत्या चित्रांत, आणि तीसुद्धा पोरंटोरं टीव्हीपुढे बसलेली असताना! घराघरांतून तक्रारी सुरू झाल्या: मुलं झोपत नाहीत, धुराड्याकडे बघून रडतात. मग आईबाप फलक घेऊन थिएटरबाहेर उभे राहिले. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात तर मंडळींनी थिएटरच्या दारात नाताळची गाणी म्हटली. आत सांता माणसं मारतोय आणि बाहेर त्याच्याच आगमनाची गाणी चालली आहेत! असा सुरेल मोर्चा आपल्याकडे व्हायचा नाही. आपल्याकडे आधी काचा फुटतात, सूर नंतर लागतो.

इथे एक सांगून टाकतो. त्या जाहिरातीपुरता मी आईबापांच्या बाजूने आहे. तिकीट काढून भ्यायला जाणं वेगळं आणि दूधबिस्कीट खाता खाता घरात भीती येऊन पडणं वेगळं. पण मोर्चा जाहिरातीवर थांबला नाही. तो गेला चित्रपटावर, आणि चित्रपट त्यातल्या बहुतेकांनी पाहिलेला नव्हता. बरं, सांताला खुनी करणारा हा काही पहिला चित्रपट नव्हे. १९७२ सालच्या ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’ या ब्रिटिश चित्रपटात सांताच्या वेषातला एक वेडा जोन कॉलिन्सच्या मानगुटीला हात घालतो. ती बाई नुकतीच नवऱ्याला मारून बसलेली असल्यामुळे प्रेक्षकाला फारसं वाईटही वाटत नाही. १९८० साली ‘ख्रिसमस ईव्हिल’ आला. त्यात खेळण्यांच्या कारखान्यातला एक नोकर स्वतःलाच सांता समजू लागतो आणि कुठलं पोर कसं वागतं याच्या वह्या लिहितो. जॉन वॉटर्स हा चक्रम दिग्दर्शक त्या चित्रपटाचे आजही गोडवे गातो. या दोघांवर असं रान पेटलं नाही, कारण त्यांची जाहिरात दिवसाढवळ्या दिवाणखान्यात शिरली नव्हती.

टीव्हीवर जीन सिस्केल आणि रॉजर ईबर्ट ही समीक्षकांची जोडी तेव्हा फार जोरात होती. त्यांनी निदान चित्रपट पाहिला होता. पण पाहून काय केलं? निर्मात्यापासून लेखकापर्यंत एकेकाचं नाव मोठ्याने वाचून दाखवलं आणि प्रत्येकाला ‘लाज वाटायला हवी’ म्हणून सुनावलं. शाळेत दंगा करणाऱ्या पोरांची नावं मॉनिटर फळ्यावर लिहायचा, तोच प्रकार. समीक्षेत हजेरीपट वाचल्याचं हे एकमेव उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर आहे. गंमत अशी की चित्रपटात जे जे काही वाईट घडतं ते नेमकं अशाच, ‘तू वाईट, म्हणून तुला शिक्षा’ या वाक्यापासून घडतं. हे त्या दोघांच्या ध्यानात आलेलं दिसलं नाही.

शेवटी ट्रायस्टार या वितरक कंपनीने जाहिराती थांबवल्या आणि थोड्याच आठवड्यांत चित्रपट उतरवला. त्याआधी त्याने एक पराक्रम केला. त्याच दिवशी लागलेल्या ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’पेक्षा पहिल्या शनिवार-रविवारी त्याने जास्त गल्ला जमवला. थिएटरंही त्याला जास्त मिळाली होती, हे खरं. पण पुढे जगभर गाजलेल्या फ्रेडी क्रूगरला पहिल्या फेरीत एका नाताळबाबाने हरवलं होतं, एवढं तरी इतिहासात राहू द्या.

आता चित्रपट. १९७१ सालची नाताळची आदली रात्र. पाच वर्षांचा बिली आईबाप आणि तान्ह्या भावाबरोबर आजोबांना भेटायला वेड्यांच्या इस्पितळात येतो. आजोबा दगडासारखे बसलेले, हूं की चूं नाही. आईबाप डॉक्टरांशी बोलायला बाजूला जातात, आणि म्हातारा हळूच मान वळवतो. तो नातवाला सांगतो की, आजची रात्र वर्षातली सगळ्यात भयंकर. सांता चांगल्यांना देतो, पण वाइटांना शिक्षा करतो. तू वर्षभर चांगला वागलास ना? नसशील तर पळ! आईबाप परत आले की म्हातारा पुन्हा दगड. या प्रसंगाला पैसा लागलेला नाही. एक खोली, एक म्हातारा आणि एक पोर. पण साडेसात लाखांतलं खरं सोनं ते एवढंच. परतीच्या वाटेवर सांताच्या वेषातला एक दरोडेखोर भेटतो. त्याने नुकताच एकतीस डॉलरांसाठी एका दुकानदाराला मारलेलं असतं. तो बिलीच्या डोळ्यांदेखत त्याच्या आईबापांना मारतो. पोरं अनाथाश्रमात जातात. तिथल्या मुख्य जोगीणबाईंचा शिक्षेवर एवढा विश्वास, की चित्रात सांता मेलेला काढला म्हणून बिलीला शिक्षा, आणि त्या शिक्षेला घाबरला म्हणून आणखी शिक्षा.

अठराव्या वर्षी तो खेळण्यांच्या दुकानात नोकरीला लागतो. नाताळात दुकानातल्या सांताचा पाय मोडतो आणि मालक तो लाल झगा कोणावर चढवणार? बिलीवर. मांडीवर एक चुळबुळी मुलगी रडत असते. बिली तिच्या कानाशी लागून पुटपुटतो की, मी वाईट मुलांना शिक्षा करतो, फार कडक शिक्षा. मुलगी गप्प. आणि हा सांता पोरांना किती छान सांभाळतो म्हणून भोवतालची मोठी माणसं कौतुकाने बघत राहतात! समस्त आईबापांनी हे एवढं दृश्य पाहावं. सिनेमाभर रक्त आहे, पण माझ्या अंगावर काटा आला तो इथे, जिथे रक्ताचा थेंब नाही.

मुलांना धाक दाखवणं आपल्याला नवं नाही. पण आपल्याकडे खातेवाटप स्वच्छ आहे. खाऊचं खातं आजीकडे, धरून नेण्याचं बागुलबुवाकडे. बागुलबुवाने कधी कोणाला लाडू दिल्याचं ऐकिवात नाही, आणि आजी झोळीत घालून नेत नाही. ऑस्ट्रियाकडेही अशीच व्यवस्था आहे. सेंट निकोलस खाऊ देतो आणि छड्या मारायला क्राम्पस नावाचा शिंगवाला राक्षस त्याच्याबरोबर हिंडतो. अमेरिकेने काय केलं, काटकसर म्हणून की काय, दोन्ही खाती एकाच लठ्ठ, हसऱ्या म्हाताऱ्याकडे दिली. देणारा तोच, हिशेब ठेवणाराही तोच, आणि त्याला रात्री घराची किल्लीसुद्धा लागत नाही. पोर हसत हसत त्याच्या मांडीवर बसतं हेच आश्चर्य. बिलीची चूक काय, तर त्याने मोठ्यांचं बोलणं खरं मानलं.

इथवर चित्रपट पाहावा. पुढे तो घसरतो, आणि घसरतो म्हणजे थेट दरीत. बिलीचं डोकं फिरतं आणि मग विजेच्या दिव्यांची माळ, हातोडा, धनुष्यबाण, जे दुकानात मिळेल ते घेऊन मोजदाद सुरू होते. बाई दिसली की आधी तिचे कपडे उतरवायचे आणि मग जीव घ्यायचा, हा त्या काळच्या असल्या चित्रपटांचा नियम इथेही पाळलेला आहे. एकीला तर भिंतीवर टांगलेल्या हरणाच्या शिंगांवर अडकवतात. पहिल्या अर्ध्या तासात ज्याने मुलाच्या मनातली भीती एवढी नेमकी दाखवली, तोच पुढे असला माल विकतो याचा मला राग आला. मोर्चेवाल्यांनी यावर फलक लिहिला असता तर मी मनातल्या मनात त्यांच्याबरोबर चाललो असतो. पण त्यांचा आक्षेप सांताच्या अब्रूवर होता. बाईच्या अब्रूबद्दल फलक असल्याचं कुठे वाचलं नाही.

त्या घसरगुंडीतही एक जागा आहे. त्याच घरात झोपेतून उठलेली छोटी मुलगी खाली येते. बिली तिला विचारतो, चांगली वागलीस का? ती हो म्हणते. नियम तो नियम. तो खिशातला रक्ताळलेला चाकू तिला भेट देऊन निघून जातो. ती तो हातात धरून उभी. नेमक्या याच जागी हल्लीचे प्रेक्षक पोट धरधरून हसतात असं मी पाहिलं आहे.

हे हल्लीचे प्रेक्षक म्हणजे स्वतंत्र जमात. मोर्चेवाले न बघता रागावले, हे बघून हसतात. दर नाताळात मित्रमंडळी जमवून हा चित्रपट लावायचा आणि जितका वाईट तितका थोर म्हणायचं, असा त्यांचा कुळाचार आहे. त्यांचं खरं दैवत दुसरा भाग, १९८७ सालचा. तो म्हणजे शुद्ध फोडणीचा भात. अठ्ठ्याऐंशी मिनिटांत चाळीसेक मिनिटं पहिल्याच भागाची चित्रं, वरून बिलीचा धाकटा भाऊ भुवया नाचवत सांगतोय, की असं असं झालं. त्यातला, कचऱ्याचा डबा बाहेर आणणाऱ्या माणसाला ‘आज कचऱ्याचा दिवस’ असं ओरडून गोळी घालण्याचा तुकडा जगभर फिरला. त्याला मीही हसलो. भात शिळा असला तरी फोडणी झणझणीत होती. पण ते हसू उचलून पहिल्या भागातल्या त्या पाच वर्षांच्या पोरावर लावणं मला जमत नाही.

आमच्या घरीही मतं पडली. मेहुणे रामसे बंधूंचे जुने भक्त. ते म्हणाले, “दाजी, याच्यापेक्षा आपला ‘पुराना मंदिर’ काय वाईट? तोही चौऱ्याऐंशीचाच!” मुद्दा बरोबर होता. तिथे सैतान सैतानासारखा दिसतो आणि त्याला आवरायला शंकराचा त्रिशूळ असतो. प्रेक्षकाने कोणाला भ्यायचं आणि कोणाला हात जोडायचे याचा घोळ नाही. आमची ही अर्धं लक्ष निवडायच्या मेथीत ठेवून बघत होती. जोगीणबाईंनी बिलीला पलंगाला बांधलं तेव्हा ती म्हणाली, “अहो, त्या पोराला कुणी जवळ घेतलं असतं तर पुढचा सिनेमाच झाला नसता.” एवढं बोलून ती मेथी घेऊन आत गेली. तिचं मत पाऊण सिनेमा न बघता दिलेलं होतं. तरीही इतक्या मतांत मला ते उजवं वाटलं. अनाथाश्रमात एक मायाळू जोगीणबाई आहेत, पण त्यांच्या हातात सत्ता नाही.

आणखी एक प्रसंग आहे, त्याची चर्चा मोर्चेवाल्यांनी केली नाही आणि हसणाऱ्यांनीही केली नाही. खुनी सांता अनाथाश्रमाकडे निघालाय म्हणून एक पोलीस तिथे पोचतो. लाल झग्यातला एक माणूस मुलांच्या दिशेने येताना दिसतो. पोलीस थांबायला सांगतो, तो थांबत नाही. पोलीस गोळी घालतो. तो असतो आश्रमातला म्हातारा, बहिरा पाद्री, मुलांना खाऊ द्यायला सांता होऊन आलेला. मुलं बघत उभी असतात. पोलिसाने बघितला फक्त झगा. त्याच झग्याच्या जाहिरातीवर ज्यांनी बाहेर मोर्चा काढला, त्यांनी तिकीट काढलं असतं तर आत हे दिसलं असतं. तिकिटाला आठ-दहा डॉलरही पडत नव्हते.

निषेध करणाऱ्यांत मिकी रूनी हा जुना, नामवंत नटही होता. बालनट म्हणून नावारूपाला आलेला, सगळ्या अमेरिकेचा लाडका. सांताला असं खुनी करणाऱ्यांचा त्याने खरमरीत निषेध केला. पुढे १९९१ साली याच मालिकेचा पाचवा भाग निघाला. त्यात मुलांच्या जिवावर उठणारी खेळणी निघतात एका म्हाताऱ्या खेळणीवाल्याच्या दुकानातून. या खेळणीवाल्याच्या भूमिकेत कोण, तर मिकी रूनी! काम मन लावून केलेलं आहे. हा भाग थिएटरला न जाता थेट कॅसेटवर आला, त्यामुळे मोर्चा न्यायचा तरी कुठे, हा प्रश्नच होता.