मराठी वाङ्मयांतील एकच कासव

निसर्गविषयक लेखन अलीकडे मराठींत पुष्कळ होऊं लागलें आहे, ही आनंदाची गोष्ट होय. पक्ष्यांच्या बाबतींत तर आमच्या लेखकांनीं बरीच मजल मारली आहे. धोबी, खंड्या, वेडा राघू, शिंजीर हीं नांवें सुशिक्षित घरांतील मुलांच्या तोंडीं असतात. परंतु हाच लेखक नदीच्या डोहाशीं येऊन उभा राहिला, कीं "एक कासव पाण्यांत शिरलें" एवढें लिहून पुढें चालूं लागतो. कोणतें कासव, हा प्रश्न त्याला पडत नाहीं, आणि वाचकही तो विचारीत नाहीं. हा दोष आम्हांस किरकोळ वाटत नाहीं.

भारतांत गोड्या पाण्यांतील कासवांच्या २४ जाती आहेत; जमिनीवर राहणाऱ्या ५ निराळ्याच. त्यांत कठीण ढालीचीं व मऊ कातडी पाठीचीं असे दोन मोठे गट पडतात, आणि या दोहोंचा स्वभावही भिन्न आहे. काळ्या पाठीचें, तीन कणे उठलेलें कासव तळ्यांत राहतें; घराच्या आढ्यासारखी पाठ असलेलें दुसरें एक कासव कृष्णा-गोदावरींसारख्या नद्यांत. मऊ पाठीच्या गटांतील 'चित्रा' तर पाहणाऱ्यास चकित करील असा प्राणी आहे. पाठीची ढाल तीन फुटांहून लांब, डोकें मात्र चिमुकलें आणि डोळे अगदीं नाकाशीं आलेले. हें वाळूंत स्वतःस पुरून घेऊन निश्चल पडून राहतें. मासा टप्प्यांत येतांच लांबलचक मान अशी सुटते, कीं माशास वळावयासही सवड मिळत नाहीं. आळस व मंदगति यांचें प्रतीक म्हणून ज्या प्राण्याचा आम्ही उल्लेख करतों, तोच हा! आणि रंगाचें म्हणाल, तर चंबळेंतील एका जातीच्या नराचें डोकें विणीच्या काळांत तांबडें, निळें व पिवळें असें रंगून निघतें. त्याची मादी त्याच्याहून कितीतरी मोठी आणि साधी. यमुनेचें वाहन कासव असें आमच्या शिल्पकारांनीं दाखविलें आहे; वेरूळच्या कैलास लेण्यांत ती मूर्ति आहे. त्या यमुनेस मिळणारी चंबळा हाच आज या जातीचा मुख्य आसरा होय.

आतां जुन्या वाङ्मयाकडे वळूं. इंद्रियें आवरणाऱ्या स्थितप्रज्ञास भगवद्गीतेनें कूर्माची उपमा दिली. ती चिखलाळ तळ्यांतील लहान मऊ कासवास तंतोतंत लागू पडते. मागचे पाय आंत घेतल्यावर तें खालच्या बाजूच्या पडद्यांनीं दारें लावून घेतें. मोठ्या नदीकासवांस मात्र ती शोभत नाहीं. त्यांस डिवचलें तर अंग चोरण्याऐवजीं तीं मान काढून कडकडून चावतात. नुसत्या दृष्टीनें पिलांस पोसणारी कूर्मी संतवाङ्मयांत वारंवार येते. वस्तुतः कासवी अंडीं पुरून निघून जाते आणि पिलें आपलीं आपण वाढतात. याबद्दल संतांस दोष देणें हा अरसिकपणा होईल. त्यांस वात्सल्य सांगावयाचें होतें, कासव नव्हे. आमची तक्रार त्यांच्या वारसांविषयीं आहे. कूर्म, कमठ व कच्छप हीं अमरकोशांतील तीन नांवें तिन्ही एकाच अर्थाचीं. शब्द वाढले, पण प्राणी एकच राहिला. आजचा लेखक डोळ्यांनीं नदी पाहत असतांही त्या कोशांतूनच लिहितो.

कोणी म्हणतील, वाङ्मय म्हणजे प्राणिशास्त्र नव्हे. कबूल. २०१७ सालीं सुवर्णकमळ मिळविणाऱ्या 'कासव' या मराठी चित्रपटांत मनानें खचलेल्या तरुणाच्या कथेस कोंकणच्या किनाऱ्यावरील कासवांची जोड दिली आहे, आणि ती कृति आम्हांस आवडली. पण तेथेंही कासव समुद्राचें. आमच्या घरापुढून वाहणाऱ्या नदींतील कासवाच्या वांट्यास ससा आणि शर्यत यांपलीकडे कांहीं आलें नाहीं. आणि ती शर्यत जिंकणारा प्राणी तर पाण्यांतला नव्हेच!

गंगेकांठच्या लोकांनीं मात्र सुंदरी, मोरपंखी, कटहवा अशीं निरनिराळीं नांवें ठेविलीं. जॉन एडवर्ड ग्रे या इंग्रज पंडितानें जातींस लॅटिन नांवें देतांना 'कछुआ', 'चित्रा' असे आमचेच शब्द उचलले. लंडनच्या संग्रहालयांत बसलेल्या मनुष्यास जें सुचलें, तें पुण्याच्या लेखकास भीमेकांठच्या भोयास विचारून करतां येऊं नये काय?

पुण्याचें नांव आम्हीं सहज घेतलेलें नाहीं. ग्रे यानेंच १८७२ सालीं मऊ पाठीच्या एका कासवाचें वर्णन प्रसिद्ध केलें. तो नमुना पुण्याचा होता. मुंबई इलाख्यांतील डॉक्टर लीथ यांच्या नांवावरून तें 'लीथचें कासव' झालें. भीमा, कृष्णा, गोदावरी हें त्याचें घर. पिलाच्या पाठीवर डोळ्यांसारखे चार-सहा ठिपके असतात. वाढल्यावर ते पुसट होतात. वाळूउपसा, धरणें, जाळीं आणि मांसासाठीं होणारी चोरटी धरपकड यांमुळें आज तें अति-संकटग्रस्तांत मोडतें. २०२२ च्या नोव्हेंबरांत पनामा येथें वन्यजीवांच्या व्यापाराविषयीं जी आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तींत भारताच्या प्रस्तावावरून त्याच्या व्यापारास कडक बंदी झाली. हा प्रस्ताव इंग्रजींत लिहावा लागला, हें ओघानेंच आलें. पण तो मराठींत लिहावयाचा म्हटला असता, तर महाराष्ट्राच्या नद्यांतील या प्राण्यास 'कासव' याखेरीज दुसरें कोणतें नांव आमच्या पुस्तकांनीं लेखकाच्या हातीं दिलें असतें?