गीतरचनेतील ‘अडणे’ आणि मोबाइल ॲप : एक चिकित्सा

प्रस्तावना

पहिली ओळ सहज सुचते आणि दुसरी ओळ अडते, हा गीतकाराचा जुना अनुभव आहे. या अवस्थेला ‘रायटर्स ब्लॉक’ हे नाव एडमंड बर्गलर या मनोविश्लेषकाने १९४७ च्या सुमारास रूढ केले. मराठीत त्याला ‘लेखनावरोध’ म्हणता येईल. कवींच्या बोलण्यात मात्र ‘ओळ अडली’ एवढेच येते. स्मार्टफोनच्या प्रसारानंतर ही अवस्था दूर करू पाहणारी अनेक साधने गीतकाराच्या हाती आली आहेत. चाल ध्वनिमुद्रित करणारी, यमके शोधून देणारी, मात्रा मोजणारी, तालाचा ठेका पुरवणारी आणि अलीकडे संपूर्ण गीत रचून देणारी ॲप ही त्यांची ठळक उदाहरणे होत. लेखनाची गती वाढते आणि अडणे संपते, असे दोन दावे त्यांच्या बाबतीत केले जातात. प्रस्तुत लेखात या दाव्यांची तपासणी मराठी गीतरचनेच्या संदर्भात केली आहे. ओळ नेमकी कोठे अडते आणि ॲप तेथपर्यंत पोहोचते का, हा या तपासणीचा मुख्य प्रश्न आहे.

साधनांची परंपरा

रचनेसाठी बाह्य साधनांचा आधार घेणे म्हणजे प्रतिभेचे दारिद्र्य, अशी एक समजूत आढळते. भारतीय काव्यशास्त्राची साक्ष तिच्या विरुद्ध आहे. मम्मटाने काव्यहेतू सांगताना शक्तीबरोबर निपुणता आणि अभ्यास यांनाही स्थान दिले. महाराष्ट्राशी कुळाचे नाते सांगणारा राजशेखर ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात कवीची दिनचर्या वर्णितो आणि फळा, खडू, ताडपत्रे, लेखणी व दौत ही साधने कवीजवळ सदैव असावीत, असे सुचवतो. सुचलेले निसटू नये, ही त्यामागची दृष्टी आहे. तेराव्या शतकातील ‘काव्यकल्पलता’ हा अरिसिंह आणि अमरचंद्र यांच्या नावाशी जोडलेला ग्रंथ तर शीघ्रकवित्वासाठीच रचलेला आहे. छंदात बसणारे शब्द, श्लेषाला उपयोगी पडणारे शब्द आणि वर्ण्य विषयांची सामग्री यांचा त्यात पद्धतशीर साठा आहे. आजच्या ॲपचा हा पूर्वज म्हणता येईल.

त्यामुळे आक्षेप साधनाच्या असण्यावर घेता येत नाही. राजशेखराच्या दिनचर्येत मात्र एक सूचक विभागणी आहे. पहिला प्रहर अध्ययनाचा, दुसरा रचनेचा, तिसरा काव्यगोष्ठीचा आणि चौथा सकाळी रचलेल्या काव्याच्या परीक्षेचा. रचनेला जेवढा वेळ, तेवढाच परीक्षेला. एखादे साधन यांपैकी कोणता प्रहर आखूड करते, या कसोटीवर मोबाइल ॲपचा विचार केल्यास त्यांचे तीन वर्ग स्पष्ट होतात : नोंदणारी, पुरवणारी आणि रचणारी.

नोंदणारी साधने

बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर आणि शेतात काम करताना त्यांच्या तोंडून आलेली गाणी पुत्र सोपानदेव आणि घरातील अन्य मंडळींनी टिपून ठेवली. बहिणाबाईंच्या निधनानंतर, १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला. ही टिपणे झाली नसती तर मराठी कविता एका मोठ्या ठेव्याला मुकली असती. नोंद हा रचनेचा गौण भाग नव्हे, हे यावरून ध्यानात येते.

फोनमधील ध्वनिमुद्रक हेच काम करतो. गीतकाराच्या मनात पुष्कळदा शब्दांआधी चालीचा तुकडा येतो, निरर्थक अक्षरांवर गुणगुणला जातो आणि तासाभरात विरून जातो. स्वरलिपी न येणाऱ्याला तो कागदावर उतरवणे शक्य नसते. येथे फोन खरोखरच उपकारक ठरतो आणि कवीचा कोणताही निर्णय स्वतःकडे घेत नाही.

नोंदीच्या पुढे पाऊल टाकताच चित्र बदलते. ॲपल कंपनीने २०१६ मध्ये आणलेले ‘म्युझिक मेमोज’ हे ॲप मुद्रित सुरावट ऐकून कॉर्ड ओळखत असे आणि तिला ड्रम व बेसची साथही जोडून देत असे. गिटारवर रचल्या जाणाऱ्या गाण्याला ही सोय होती. भावगीताची चाल मात्र रागाच्या चलनावर, मींडेवर आणि एका स्वरावर रेंगाळण्यावर उभी असते. तिला चार ठोक्यांच्या चौकटीत बसवून कॉर्ड जोडले की चाल ‘पूर्ण’ झाल्याचा भास होतो आणि जे रेंगाळणे तिचा प्राण होते, तेच गळून पडते. कंपनीने २०२१ मध्ये हे ॲप बंद केले. साधनाचे आयुष्य रचनेच्या आयुष्यापेक्षा कितीतरी कमी असते, हेही त्यातून दिसले.

पुरवणारी साधने आणि मराठी यमक

यमकशोधक ॲपची कल्पना मुळात इंग्रजीची गरज म्हणून वाढली. इंग्रजीत लेखन आणि उच्चार यांत मोठे अंतर आहे, शिवाय शब्दांना लागणारे प्रत्यय थोडे असल्याने यमके तुलनेने दुर्मीळ आहेत. म्हणून तेथे उच्चारकोशाचा आधार लागतो. कार्नेगी मेलन विद्यापीठाचा सव्वा लाखाहून अधिक शब्दांचा उच्चारकोश हे अशा आधाराचे परिचित उदाहरण आहे.

मराठीची अडचण नेमकी उलट आहे. विभक्तिप्रत्यय, शब्दयोगी अव्यये आणि क्रियापदांची रूपे यांमुळे मराठीत शब्दांची शेवटची अक्षरे फार सहज जुळतात. ‘डोंगरावरून’ आणि ‘रस्त्यावरून’ यांत शेवटची तीन अक्षरे समान आहेत. परंतु ते यमक नसून एका शब्दयोगी अव्ययाची पुनरावृत्ती आहे. ‘बसते’ आणि ‘फिरते’ यांत केवळ प्रत्यय जुळतो. ‘बसते’ आणि ‘हसते’ यांत धातूही जुळतो. अक्षरे जुळवून यमक शोधणारे साधन पहिल्या प्रकारचे शब्द ढिगाने पुरवते, आणि तेच सर्वांत दुबळे असतात. शिवाय देवनागरी उच्चारानुसारी आहे, हा विश्वासही पूर्ण खरा नाही. वाणी या अर्थाचा ‘वाचा’ आणि पुस्तक वाचण्याची आज्ञा देणारा ‘वाचा’ हे शब्द लेखनात एक, पण ‘च’च्या उच्चारात भिन्न आहेत. डोळ्यांना जुळणारे कानाला खटकते, आणि गीत तर कानासाठीच असते.

गझलेत ही बाब अधिक तीव्र होते. सुरेश भट यांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहून काफिया, रदीफ आणि अलामत यांचे नियम मराठी कवींना सुलभ करून दिले. काफियातील न बदलणाऱ्या अक्षरांआधीचा स्थिर स्वर म्हणजे अलामत. ती सांभाळायची तर शब्दांची निवड अरुंद होते. ॲपने काफियांची यादी दिली की प्रत्येक काफियासाठी एक शेर बेतण्याचा मोह होतो. विचार यमकाकडे जाण्याऐवजी यमक विचाराला ओढत नेते. शेरांची संख्या वाढते. एकही शेर सांगण्याच्या निकडीतून आलेला नसतो.

मात्रागणनेचेही असेच आहे. माधव जूलियन यांनी ‘छंदोरचने’त मराठी वृत्त-जाती-छंदांची जी शास्त्रीय मांडणी केली, तिच्या आधारे लघूची एक आणि गुरूच्या दोन मात्रा मोजणे यंत्राला सोपे आहे. परंतु पादाकुलकाच्या ओळीत १६ मात्रा असून त्या आठ-आठांच्या दोन भागांत पडतात. आठव्या मात्रेवर गुरू अक्षर सुरू झाले तर ते नवव्या मात्रेत सांडते. बेरीज १६ च राहते, लय मात्र मोडते. केवळ बेरीज करणारे साधन अशी ओळ निर्दोष ठरवते. गुणगुणून पाहणाऱ्या कवीची जीभ तेथे अडखळते. अडणे हा येथे दोषाचा इशारा असतो.

रचणारी साधने

यंत्राकडून शब्द सुचवून घेणे हेही नवे नाही. ब्रायन ईनो आणि पीटर श्मिट यांनी १९७५ मध्ये ‘ऑब्लिक स्ट्रॅटेजीज’ हा पत्त्यांचा संच काढला. काम अडल्यास एक पत्ता उचलावा आणि त्यावरील तिरकस सूचनेनुसार पुढे जावे, अशी योजना होती. १९९५ च्या ‘आउटसाइड’ या ध्वनिमुद्रिकेच्या सुमारास डेव्हिड बोवी ‘व्हर्बसायझर’ या संगणकीय आज्ञावलीत वाक्ये भरून त्यांची उलटसुलट सरमिसळ करून घेत असे. दोन्ही ठिकाणी यंत्र किंवा पत्ता नेहमीचा मार्ग मोडून देतो. कोणते तुकडे ठेवायचे आणि त्यांचा अर्थ काय करायचा, हे काम कलावंताकडेच राहते.

जात्यावरच्या ओवीतही तयार सुरुवाती, ठरावीक संबोधने आणि पुन्हा पुन्हा येणारी चरणरूपे असतात. हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांच्या प्रकल्पातून महाराष्ट्रातील अशा एक लाखाहून अधिक ओव्यांचे संकलन झाले आहे. तयार सामग्री वापरूनही या ओव्या यांत्रिक वाटत नाहीत, कारण ती सामग्री गाणारीच्या आणि ऐकणारीच्या सामाईक जगण्यातून आलेली असते. तयार सुरुवात म्हणताना बाईला दुसऱ्या चरणात स्वतःचे दुःख मांडण्यासाठी अवधी मिळतो.

२०२२ नंतर आलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांचे स्वरूप यापेक्षा वेगळे आहे. ‘सुनो’सारखे ॲप विषयाचे एक वाक्य दिले की शब्द, चाल आणि आवाज यांसह गीत तयार करून देते. दुसरा चरणही यंत्रच भरते. पाऊस, विरह, आई अशा विषयांवर त्याने दिलेले मराठी शब्द व्याकरणाने बहुधा शुद्ध असतात, परंतु त्यांतील पाऊस कोकणातला की माणदेशातला, हे सांगता येत नाही. ना. धों. महानोर यांनी ‘जैत रे जैत’ (१९७७) या चित्रपटासाठी लिहिलेल्या गीतांत ठाकर समाजाचे जग विशिष्ट आहे. सरासरी काढून हे विशिष्टपण हाती येत नाही.

यात केवळ सौंदर्याचा प्रश्न नाही. २०१२ च्या दुरुस्तीने भारतीय कॉपीराइट कायद्यात चित्रपटगीतांच्या लेखक-संगीतकारांना स्वामित्वधनातील वाटा कायमचा सोडून देता येणार नाही, असे संरक्षण मिळाले. गीतकाराचे श्रम दीर्घकाळ अदृश्य राहिल्यावर मिळालेली ही मान्यता आहे. शब्द निवडण्याचे कामच गीतकाराने यंत्राकडे सोपवले, तर ज्या श्रमासाठी हा हक्क मिळाला, तो श्रम दाखवता येणे कठीण होईल.

गतीचा प्रश्न

गती स्वतः निंद्य नाही. पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये प्रसारित झालेल्या ‘गीतरामायणा’तील ५६ गीते ग. दि. माडगूळकर यांनी साप्ताहिक प्रसारणाच्या धाकात लिहिली. पहिल्या गीताचा कागद ऐनवेळी सापडेना, तेव्हा त्यांनी ते थोड्याच वेळात पुन्हा लिहून दिले, अशी आठवण सांगितली जाते. या वेगामागे रामकथेचा व्यासंग, कीर्तन-लोकगीतांचा संस्कार आणि चित्रपटगीतांचा दीर्घ सराव होता. राजशेखराच्या भाषेत, माडगूळकरांचा पहिला प्रहर फार मोठा असल्याने दुसरा लहान होऊ शकला. ॲप दुसरा प्रहर थेट आखूड करते आणि पहिल्याची गरज उरली नाही, असा समज निर्माण करते. चौथा प्रहर, म्हणजे परीक्षा, तर त्याच्या योजनेत बसतच नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून गीतरचनेतील अडण्याचे दोन प्रकार संभवतात. एक, सामग्रीच्या अभावाने अडणे : शब्द आठवत नाही, चाल निसटते. दोन, निर्णयाच्या ठिकाणी अडणे : शब्द समोर आहेत, परंतु त्यांपैकी कोणताही खरा वाटत नाही. ॲप पहिल्या प्रकारात साहाय्य करते, त्यातही नोंदणारे साधन सर्वाधिक विश्वासार्ह आहे. दुसऱ्या प्रकारात ते केवळ पर्यायांची संख्या वाढवते. मराठीत, जेथे यमके मुळातच विपुल आहेत, ही वाढ निवड अधिक अवघड करते किंवा कवीला निवडीतूनच मुक्त करते. ही मुक्ती म्हणजे रचनेचा त्याग होय.

महाविद्यालयीन वाङ्मय मंडळे, भित्तिपत्रके आणि युवा महोत्सव यांसाठी विद्यार्थी जी गीते लिहितात, त्यांच्या बाबतीत ही भेदरेषा उपयोगी पडेल. ॲपवर सरसकट बंदी व्यवहार्य नाही आणि आवश्यकही नाही. विद्यार्थ्याने अंतिम गीतासोबत खोडलेल्या ओळीही दाखवाव्यात आणि त्या का खोडल्या, हे सांगावे, एवढी अपेक्षा अध्यापकाला ठेवता येईल. यंत्राने पुरवलेली ओळ नाकारण्याचे कारण ज्याला देता येते, तो साधनाचा स्वामी आहे. ज्याला ते देता येत नाही, त्याचे गीत कितीही लवकर पूर्ण झालेले असले, तरी त्याचे लिहिणे अजून सुरू व्हायचे आहे.