मोडी हस्तलिखितांचे संगणकीय चिन्हांकन आणि पदच्छेदाचा प्रश्न

प्रास्ताविक

हस्तलिखिताचे छायाचित्र संगणकावर ठेवून त्याशेजारी देवनागरी पाठ दिला की कार्य पूर्ण झाले, असा समज रूढ होऊ पाहत आहे. वस्तुतः छायाचित्र आणि पाठ यांना जोडणारी चिन्हांकन-पद्धती, म्हणजेच मार्कअप, ही संपादनाचीच कृती होय. १९८७ मध्ये आरंभ झालेल्या टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्हची (टीईआय) नियमावली या क्षेत्रात प्रमाण मानली जाते. मोडी कागदपत्रांच्या संदर्भात तिची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नियमावलीतील दोन मार्ग

२००७ च्या पी-५ आवृत्तीत 'फॅक्सिमिली' हा घटक आहे. त्यात पृष्ठाला 'सरफेस' व पृष्ठावरील विशिष्ट भागाला 'झोन' म्हटले जाते. झोनची जागा निर्देशांकांनी निश्चित करून पाठातील ओळ तिच्याशी जोडली जाते. २०११ च्या अखेरीस 'सोर्सडॉक' हा दुसरा मार्ग आला. त्यात पाठ थेट पृष्ठरचनेच्या आत, ओळीनुसार नोंदविला जातो. पहिला मार्ग संहितेच्या अर्थाला प्राधान्य देतो, तर दुसरा कागदावरील मांडणीला.

मोडीसंदर्भातील मर्यादा

मोडी लिहिणारा प्रथम आडवी शिरोरेषा ओढतो व तिच्याखाली अक्षरे सलग लिहीत जातो. दोन शब्दांत अंतर नसते, शब्द ओळीअखेर तुटून पुढील ओळीत जातो आणि ऱ्हस्व-दीर्घ भेद बहुधा पाळला जात नाही. समजा, एखाद्या कागदात 'दोनशेते' अशी अक्षरे आली. 'दोन शेते' असे वाचल्यास ती जमीन ठरते, 'दोनशे ते' असे वाचल्यास रक्कम. म्हणजेच पदच्छेद हा येथे वाचनाचा निर्णय आहे.

एक्सएमएलमध्ये एक घटक दुसऱ्यात पूर्णपणे सामावलेला असावा लागतो. त्यामुळे 'सोर्सडॉक'मध्ये दोन ओळींत विभागलेला शब्द एका घटकात मावत नाही. पहिल्या मार्गात ओळ ही केवळ खूण असल्याने शब्द अखंड राहतो. परंतु संपादकाने सोडलेली मोकळी जागा मूळ लेखनातीलच भासते. यापैकी दुसरा दोष अधिक गंभीर होय, कारण तो वाचकाच्या लक्षातच येत नाही.

यावर उपाय नियमावलीच्या चौकटीतच शक्य आहे. पहिल्या स्तरावर अक्षरे सलग, ओळीनुसार नोंदवावीत. २०१४ मध्ये मोडीचा युनिकोडमध्ये समावेश झाल्याने हा स्तर मूळ लिपीतच ठेवता येतो. दुसऱ्या स्तरावर पदच्छेदासह देवनागरी वाचन द्यावे आणि संदिग्ध जागी 'रेस्प' व 'सर्ट' या गुणधर्मांनी निर्णय कोणाचा व कितपत निश्चित, हे नोंदवावे. यात श्रम वाढतात, हा आक्षेप रास्त आहे. मात्र ही नोंद प्रत्येक शब्दाला नव्हे, तर केवळ संदिग्ध जागांना आवश्यक आहे.

निष्कर्ष

वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्या काळच्या छापील ग्रंथात प्रत्येक पृष्ठाशेजारी मूळ कागद दाखविणे व्यवहार्य नव्हते. आज ती अडचण उरलेली नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरासारख्या प्रचंड संग्रहांचे चिन्हांकन करताना वाचनाचे निर्णय झाकले गेले, तर पुढील अभ्यासकाच्या हाती साधन न येता आपले मत येईल.