फ्रेडीची खाणावळ

राजकीय नाट्यातला प्रादेशिक विनोद म्हणजे पात्राला चढवलेला स्थानिक रंग, असे आपण सहज मानतो. ‘हाउस ऑफ कार्ड्‌स’ (२०१३) ही अमेरिकी मालिका पाहताना हे मत तपासावे लागते.

मूळ ब्रिटिश मालिकेतला (१९९०) फ्रान्सिस अर्कहार्टही प्रेक्षकाकडे वळून बोलतो. पण त्याचा उपरोध खानदानी आहे. अमेरिकी अवतारातला फ्रँक अंडरवुड दक्षिण कॅरोलिनातल्या गॅफ्नीचा. त्याचा दक्षिणी हेल आणि म्हणीवजा टोमणे ऐकून आपण हसतो, आणि हसता हसता त्याच्या कारस्थानात सामील होतो. या मातीतल्या माणसाचा पुरावा म्हणून वॉशिंग्टनमधली फ्रेडीची बार्बेक्यूची खाणावळ येते. तिथे फ्रँक भाजलेल्या डुकराच्या बरगड्या हाताने खातो.

माझ्या मते मालिकेचे खरे राजकीय भाष्य याच टेबलावर आहे. दुसऱ्या पर्वात बड्या गिऱ्हाइकामुळे खाणावळीचे नाव होते आणि त्याच प्रसिद्धीने फ्रेडीचा गुन्हेगारी भूतकाळ चव्हाट्यावर येतो. फ्रँक अंतर राखतो. मुलाच्या जामिनासाठी फ्रेडीला खाणावळ विकावी लागते. रेग ई. कॅथी यांनी हा फ्रेडी मोजक्या शब्दांत उभा केला. २०१५ साली त्यांना या भूमिकेसाठी एमी मिळाले.

गावाकडची चव आणि बोली सत्ताधाऱ्याला आपलेपणा मिळवून देतात. त्याचे बिल मात्र रांधणाऱ्याच्या नावावर फाटते. म्हणून अशा विनोदाची समीक्षा करताना केवळ कोण हसवतो हे पाहून भागत नाही. कोणाच्या जिवावर, हेही विचारावे लागते.