दंगल संपल्यानंतरचा सिनेमा

आमच्या ऑफिसात बग दुरुस्त झाला की तिकीट बंद करतात. कर्फ्यू उठला, दुकानं उघडली की आपण शहराचंही तिकीट असंच बंद करतो. नंदिता दासचा ‘फिराक’ (२००८) ते पुन्हा उघडतो. गोष्ट घडते अहमदाबादमध्ये, २००२च्या हिंसाचारानंतर महिन्याभराने. प्रत्यक्ष दंगल पडद्यावर येत नाही. येतं ते तिच्यानंतरचं जगणं.

मुनीरा परतते तर घर जळलेलं. पण तिला पोखरतो तो संशय: हे करणाऱ्यांत आपली मैत्रीण ज्योतीही असेल का? आघात म्हणजे किंचाळत जागं होणं, असं सिनेमाने आपल्याला शिकवलंय. इथे आघात म्हणजे मैत्रिणीशी बोलतानाही तिचा चेहरा तपासत राहणं. हे मला जास्त खरं वाटलं.

आरतीची गोष्ट वेगळी. जीव वाचवायला आलेल्या बाईला तिने दार उघडलं नव्हतं. आता ती स्वतःच्या हातावर गरम तेलाचे चटके देते.

माझी तक्रार इथेच आहे. आरतीचे भास आपल्यालाही दिसतात. अनाथ मोहसिनने जे पाहिलं ते मात्र दिसत नाही. न वाचवणारीचं दुःख वाचलेल्याच्या दुःखापेक्षा मोठ्याने बोलतं.

तरी एक प्रसंग डोक्यातून जात नाही. आरती मोहसिनला घरी आणते, पण तिचा नवरा तिलाच मारतो हे कळल्यावर तो मुलगा गुपचूप निघून जातो. कुठलं घर सुरक्षित नाही, हे त्याला आता पटकन कळतं. एवढ्या लहान वयात ते कळणं, हीच त्याची जखम.